आसरांच्या वेण्या

नेचा हा शब्द मी कॉलेजात गेल्यावर ऐकला. झाड मात्र मी परकर नेसायच्या वयापासून बघत होते, आणि आमच्या घरात त्याला वेगळंच नाव होतं. ही दोन्ही एकच आहेत हे ज्या तासाला माझ्या लक्षात आलं, त्याच तासाला मी हात वर केला आणि पुढचं सगळं ओढवून घेतलं.

अंबाजोगाईला मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे मी बसायचे पहिल्या बाकावर आणि बोलायचे फार कमी. बॉटनीच्या सरांनी त्या दिवशी फळ्यावर एक नाजूक पानांची फांदी काढली आणि म्हणाले, "हा नेचा. कोकणात जाल तर पावलोपावली दिसेल. आपल्या कोरड्या भागात पावसाळ्यात कुठं दिसला तर दिसला. उन्हाळ्यात बघायचा असेल तर कुणाच्या तरी अंगणातल्या कुंडीत बघा." मी उठले आणि म्हणाले, "सर, आमच्या डोंगरात आहे. बारा महिने." सर म्हणाले, "मे महिन्यातसुद्धा?" मी म्हणाले, "मे महिन्यातसुद्धा." तेवढ्यात मागच्या बाकावरून वकिलाचा विलास शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, "प्यायला पाणी न्हाई बे ह्यांच्याकडं, अन् नेचे उगवायलेत!" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "असेल तर चांगलंच आहे. सुट्टीनंतर हर्बेरियममध्ये लावून आण. मुळासकट."

हर्बेरियम म्हणजे झाडं वाळवून, दाबून जाड कागदावर चिकटवलेला संग्रह. प्रत्येकाला तो करायचा असायचा, त्याला मार्क असायचे. पण खरं सांगते, मला मार्कांचं तितकं नव्हतं. मी खरं बोलले होते आणि चाळीस पोरांनी मला खोटं ठरवलं होतं. तो गुण म्हणा की खोड, मला खोटं ठरवलेलं आजही सोसत नाही. सुट्टीला एसटीत बसले तेव्हा डोक्यात एकच होतं, तो नेचा मुळासकट आणायचा आणि त्या विलासच्या नाकासमोर धरायचा.

आमचं गाव बालाघाटाच्या पायथ्याला आहे. वर डोंगर, खाली बरड रान, आणि चौसाळ्याच्या आठवडी बाजाराला जायचं तर चालत बरड उतरून मग सडकेला गाडी धरायची. उन्हाळ्यात आमचं घर कुरडयांच्या वासानं भरलेलं असायचं. माय पहाटेच उठून चुलीवर गव्हाचा चीक घोटायला बसायची. तो घोटताना जो लपक लपक आवाज यायचा त्यानंच मला जाग यायची. मग माळवदावर जुनी लुगडी अंथरायची, त्यावर सोऱ्यानं कुरडया पाडायच्या, आणि मी काठी घेऊन कावळे हाकत बसायचं. कॉलेजात गेल्यावर एवढाच फरक पडला, की काठीच्या जोडीला हातात पुस्तक आलं. कच्चा चीक दूध-गूळ घालून खायला मिळायचा. ती चव मी पुढं नोकरीच्या गावी किती वेळा करून बघितली, जमली नाही. गॅसवर शिजतो तो चीक वेगळा.

झाडं दाबायला माझ्याकडं फळ्या नव्हत्या. मी ती वर्तमानपत्रात घालून ज्वारीच्या पोत्याखाली ठेवायचे. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एक दिवस पोतं उचललं तर खालून माठ, तरवड, आघाडा असं सगळं सपाट झालेलं निघालं.

"हे गवत कावून दडपायलीस गं?"

"परीक्षेला लागतंय, दादा."

त्यांनी वाळका आघाडा उचलून बघितला. "आमी जलमभर खुरपून बांधावर टाकलं, अन् सरकार त्याची परीक्षा घेतंय?" असं म्हणाले आणि हसत बाहेर गेले. पण दुसऱ्या दिवशी रानातून येताना धोतराच्या सोग्यात मूठभर तण बांधून आणलं. "हे घे. लई हाय आपल्याकडं. कमी पडू देऊ नगंस." त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण माझ्या शिक्षणाला त्यांनी लावलेला हात असा असायचा.

नेचा मात्र रानात नव्हता. तो आसरांच्या दऱ्यात होता, आणि तिथं जायचं तर धुरपाआत्या पाहिजे. धुरपाआत्या दादांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा गेला आणि ती आमच्या घरी परत आली ती कायमची. तिच्या अकरा शेळ्या होत्या, आणि आमच्या डोंगरातली एकही वाट अशी नव्हती जी तिच्या पायाखालून गेली नव्हती. बोलायला फटकळ, अंगानं काटक, हातावर कोपरापर्यंत गोंदण. मी तिला विचारलं तेव्हा ती मिश्री लावत ओट्यावर बसली होती.

"आत्या, दऱ्यात जायचं. तिथं त्या वेण्या असतात ना, त्या बघायच्यात."

"आसरांच्या येण्या? कावून?"

"कॉलेजात शिकवायलेत."

तिनं बोट तोंडातून काढलं. "येण्या शिकवायलेत? मंग मपलं नाव घाल कालेजात." आणि मग जरा थांबून म्हणाली, "जाऊ. बघायचं. घ्यायचं न्हाई."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं डोह असो, विहीर असो, जिथं पाणी हटत नाही तिथं त्या असतात असं मानतात, आणि त्यांच्या जागेतून काही घरी आणत नाहीत. फूल नाही, काडी नाही. मायही चुलीपुढून ओरडली, "तितनं काईबी आणू नगंस गं, मागं लागत्यात त्या." मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मनात ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही निघालो. शेळ्या आत्यानं शेजारणीकडं लावून दिल्या. मायनं धपाटे बांधून दिले होते, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे, एक कैरी, आणि डब्यात दहीभात. तो आसरांचा, आणि त्यांच्यासाठीच ज्वारीची एक पुरचुंडी. पाण्याची चरवी आत्याच्या डोक्यावर. मी कॉलेजात साडी नेसायला लागले होते आणि त्याची मला ऐट होती, म्हणून तीच गोल साडी नेसून निघाले. पहिल्या चढालाच ती बाभळीच्या काट्याला अडकली, पुढं हिवराला अडकली, मग पायातच आली आणि मी गुडघ्यावर आपटले. आत्या वरून बघत होती.

"ही कालेजाची साडी हाय. हिला डोंगर शिकवलेला न्हाई." खाली येऊन तिनं माझ्या निऱ्या ओढल्या, मागं नेऊन खोचल्या, आणि पाचवारीचा जेवढा होईल तेवढा काष्टा मला घालून दिला. "आता चाल. कोन बघतंय."

त्या दिवसाची चाल मला अजून पावलागणिक आठवते. सकाळची हवा गार होती, सीताफळीच्या झुडपांना नुकती पालवी फुटत होती आणि धावड्याच्या झाडांत होले घुमत होते. आत्या पुढं आणि मी मागं. ती वाट बघत नव्हती, वाटेवरच्या लेंड्या बघत होती. ताज्या लेंड्या जिकडं, तिकडून शेळ्या गेल्या, आणि शेळी जिकडून जाते तिकडून माणूस पडत नाही, असं तिचं शास्त्र. मध्येच टेंभुर्णीचं एक झाड लागलं, पिवळ्या फळांनी भरलेलं. आम्ही तिथं बसून इतकी टेंभुरणं खाल्ली की जिभा चरबरल्या. वानरांची एक टोळी पलीकडच्या झाडावर बसून आमच्याकडं रागानं बघत होती. "त्यांचा वाटा खाल्ला आपून," असं म्हणून आत्यानं दोन पिकली फळं खडकावर ठेवली आणि चार पदराच्या गाठीला बांधून घेतली.

खिंडीच्या माथ्यावर गेल्यावर दोन्हीकडचं दिसतं. एका अंगाला आमचं गाव, आणि लांब चौसाळ्याकडची सडक. तिच्यावरचे ट्रक मुंगळ्याएवढे. दुसऱ्या अंगाला आत्याचं सासर. ती कधी त्याविषयी बोलायची नाही, पण त्या दिवशी चरवी खाली ठेवून ती तिकडं बघत उभी राहिली.

"ती चिंच दिसायली का? तिच्या मागं आमचं घर होतं. हितूनच आलते मी. दीस उगवायच्या आत निघाले, एकली. खिंडीत आले अन् म्हनलं, आता रडून घ्यावं. बसले. तर रडूच येईना. भूक लागलती."

"मग?"

"मंग काय? टेंभुरणं खाल्ली अन् आले घरी."

मला हसू आलं आणि लगेच वाटलं हसायला नको होतं. पण तीच आधी हसली. तिचं हे असं होतं. आज मी तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे आणि गुडघे खिंड चढू देत नाहीत, पण कधी अंगावर काही आलं की मला ते वाक्य आठवतं आणि मी आधी काहीतरी खाऊन घेते.

दऱ्यात उतरायची वाट अरुंद होती. तोंडाशीच आत्यानं चपला काढायला लावल्या. इथून पुढं अनवाणी. खडक तोवर तापले होते, त्यामुळे माझा जो काही नाच झाला तो बघून ती म्हणाली, "आसरांला करमणूक झाली." पण वीस-पंचवीस पावलं खाली गेलो आणि हवा बदलली. उन्हात भाजून आल्यावर माठाला गाल लावावा तसं वाटलं. वरून कडा पुढं आलेला, खाली उंबराचं मोठं झाड, आणि त्या कड्यावरून पाणी पडत होतं. पावसाळ्यात तिथं धबधब्याचा आवाज अर्ध्या कोसावर ऐकू येतो आणि जवळ उभं राहून बोललेलं कळत नाही. मे महिन्यात बोटाएवढी एकच धार होती. पण ती होती. खाली खडकात कोरलेल्या डोहात टप टप टप असा न थांबणारा आवाज, आणि त्या धारेच्या मागच्या ओल्या भिंतीवर हिरवंगार सगळं. काळ्याभोर, केसासारख्या बारीक दांड्या आणि त्यांना लोंबणारी पंख्यासारखी इवलीइवली पानं. वाऱ्याची झुळूक आली की सगळी भिंत हलायची. फळ्यावरचा नेचा.

ह्याला आमच्याकडं आसरांच्या वेण्या म्हणतात. त्या आंघोळ करून भिंतीला पाठ लावून केस वाळवतात आणि त्याच ह्या वेण्या. पुढं मी त्याचं शास्त्रीय नाव शोधलं तेव्हा कळलं, की दूरदेशीच्या कुणीतरी लॅटिनमध्ये ह्याच झाडाला एका देवीचे केस असंच नाव देऊन ठेवलंय. आत्याला सांगितलं तर तिला काही नवल वाटलं नाही. "दिसतंयच तसं, मंग दुसरं काय म्हनतेल?" म्हणाली.

डोहाच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड. आत्यानं त्यांच्यापुढं दहीभात ठेवला, चिमूटभर ज्वारी टाकली, हात जोडले. हळदकुंकू तिनं आणलं नव्हतं. विधवा बाईनं ते आणायचं नसतं. मग आम्ही धपाटे खाल्ले. पाय डोहात सोडून, कांदा खडकावर फोडून, चटणी हातावर घेऊन. त्या पाण्याला एक थंड, दगडाची चव होती. पोट भरल्यावर आत्या उंबराखाली आडवी झाली, तोंडावर पदर घेतला, आणि थोड्या वेळात तिचा डोळा लागला.

मी उठले. आवाज न करता धारेमागं गेले, भिंतीतल्या एका खाचेत बोटं घातली आणि हळूहळू उकरत एक आख्खा गड्डा मुळासकट काढला. तो निघाला तेव्हा त्या जागेवरून मातीचं एक ढेकूळ पडलं आणि पाणी गढूळ झालं. मी सात दगडांकडं बघितलं नाही. गड्डा ओल्या रुमालात गुंडाळला, पिशवीत डब्याखाली ठेवला आणि हात धुऊन जागेवर येऊन बसले. खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता. विलासचं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं.

आत्या उठली, तोंड धुतलं, आणि आम्ही निघालो. चढ चढून आलो, चपला घातल्या, खिंडीच्या अलीकडं टेंभुर्णीच्या सावलीला टेकलो. मी चरवी तिच्या हातात दिली. तिनं चरवी घेतली नाही, माझा हात धरला.

"नखात काय हाय गं?"

"माती. खेकडा बघत होते."

ती माझ्या नखांकडं बघत राहिली. "खेकड्याला मुळ्या असत्यात का?" खरंच, एका नखात केसाएवढी काळी मुळी अडकलेली होती.

मी पिशवी उघडली. रुमाल सोडला. आत्यानं गड्ड्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता ओरडेल, मारेल. ती खाली बसली आणि मान हलवत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग मीच बोलायला लागले. वर्ग, सर, विलास, सगळे कसे हसले, मी खरं बोलले होते, मूळ नसलं तर कुणी मानणार नाही, कुंडीतून तोडलं म्हणतील. बोलता बोलता रडायला लागले.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "आपल्याकडं पानी हटलं होतं ते साल तुला आठवत न्हाई. तू पाळण्यात होतीस. ओढा आटला, हिरी आटल्या. दऱ्यातली धार बी गेली. सगळे म्हनले, आसरा रुसल्या. मी गेलते बघाय. धार न्हवती, पर एका जाग्याला येण्या हिरव्या होत्या. म्हनलं, ह्या जित्या हाईत म्हंजी आत पानी हाय. तितंच खाली हातानं झिरा उकरला. करवंटीनं घागर भराया सकाळ जायची, पर भरायची. तुपली माय अन् मी, दोघी. तुला त्याच पान्यानं वाढवलं. मुळी पान्याची वाट धरून ऱ्हाती गं. ती उपटली की पानी वाट सोडतंय."

हे शास्त्राला धरून आहे का, ते मी आयुष्यभर विज्ञान शिकवूनही ठाम सांगू शकत नाही. पण त्या वेळी मला भिंतीवरून पडलेलं ते ढेकूळ दिसलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? मागं."

ऊन अगदी डोक्यावर होतं. घरी जाऊन सावलीत पडायची वेळ, आणि आम्ही दोघी परत दऱ्याकडं. आत्या झपाझप पुढं. खडकांवर पाय भाजले तेव्हा मी नाचले नाही. धारेमागं गेल्यावर तिनं मलाच पुढं केलं. मी गड्डा त्याच खाचेत बसवला. तिनं डोहातला गाळ आणून भोवतीनं लिंपला, जसं चुलीला लिंपतात तसं, अंगठ्यानं दाबून दाबून. मग ओंजळीनं पाणी घातलं. आम्ही बराच वेळ तिथंच उकिडव्या बसून राहिलो. पानं जरा मलूल झाली होती. टप टप आवाज चालूच होता. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

"किती पायजे तुला?" आत्यानं अचानक विचारलं.

"काय?"

"येनी. किती?"

"एक. पण तूच म्हणालीस घ्यायचं नाही."

"घ्यायचं न्हाईच. पर दिलं तर?" ती उठली. पिशवीतून उरलेल्या ज्वारीची पुरचुंडी काढली. "पदर पसर. वटी भरते तुपली."

मी बघतच राहिले. ओटी सवाष्णीची भरतात, सवाष्णीच भरते. माझं लग्न झालेलं नव्हतं. आणि आत्याच्या हाताला तर गावात कुणी ओटीचं ताट लावू दिलं नसतं. मी म्हणाले, "आत्या, माझं लग्न कुठं झालंय? अन् तू..."

"अन् मी रांडमुंड. म्हन की, लाजायलीस कावून?" ती हसायला लागली. "इतं कोन बघतंय? ह्या साती बघायल्यात. अन् त्यांच्यातल्या एकीला तरी नवरा हाय का? सातीच्या साती बिननवऱ्याच्या, अन् सगळं गाव त्यांच्या पाया पडतंय!"

मी पदर पसरला. तिनं पाच मुठी ज्वारी घातली, एकेक मूठ पाण्यावरून ओवाळून. मग धारेमागं गेली आणि अंगठ्याच्या नखानं एकच वेणी खुडली, मुळाला धक्का न लावता, आणि ज्वारीवर ठेवली. "लेक आली तर तिला रिकामी लावतेत का? आसरांनी दिलं. आता हे तुपलं."

ओटी भरली की भरणारीला त्यातले चार दाणे परत द्यायची रीत आहे. मी दाणे घेतले आणि तिच्या हातावर ठेवणार, तर मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "तू पण पदर पसर."

"याड लागलं का?"

"कोण बघतंय?"

तिनं खरंच इकडंतिकडं बघितलं. दऱ्यात कुणी नव्हतं, उंबरावर एक तांबट पक्षी ठोकत होता. मग तिनं पदराच्या गाठीतली टेंभुरणं माझ्या हातात दिली आणि मोकळा पदर दोन्ही हातांनी पुढं धरला. मी माझ्या ओटीतली ज्वारी पाच वेळा तिच्या ओटीत घातली आणि वर ती चार टेंभुरणं ठेवली. तिनं पदर आवळून पोटाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं म्हणावं तर नाही. एवढंच म्हणाली, "जड हाय गं," आणि आम्ही निघालो. गावाच्या वेशीपर्यंत तिनं ती ओटी सोडली नाही. वेशीवर आल्यावर सगळी ज्वारी चिमण्यांना टाकली, टेंभुरणं मला दिली आणि पदर झटकून डोक्यावर घेतला.

आता त्या दऱ्यात उतरायला पायऱ्या झाल्यात, लोखंडी कठडा झालाय. रविवारी पोरंपोरी मोटारसायकलींवर येतात, धारेखाली उभं राहून फोटो काढतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. एवढ्या लांब यावं असं काही आमच्या डोंगरात आहे, हे लोकांना कळलं ते बरंच झालं. चपला काढत नाहीत, तेवढं मी गावात भेटेल त्याला सांगते. कुणी ऐकतं, कुणी हसतं.

सुट्टी संपली. वाळलेली ती वेणी मी जाड कागदावर दोऱ्याच्या टाक्यांनी बसवली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. विलास मान लांब करून बघत होता. "सर, मूळच न्हाई," तो म्हणाला. "कुंडीतनं तोडून आणली असंल." परत कुणीतरी फिसकन हसलं. मी कागद सरांकडं आणखी सरकवला. सांगायचं म्हटलं तर दरा, ढेकूळ, ओटी सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते त्या वर्गात सांगायचं नव्हतं.

सरांनी भिंग काढलं. पानाच्या कडा बघितल्या, मागची बाजू बघितली, मग दांडीवर थांबले. काळ्या दांडीवर पांढरा खरखरीत थर होता, चुन्यासारखा. त्यांनी तो नखानं खरवडून बघितला आणि विलासला पुढं बोलावलं. "हे बघ. खडकातून झिरपणारं पाणी वर्षानुवर्षं अंगावर पडतं तेव्हा हे असं चढतं. कुंडीतल्या झाडावर चढत नाही." मग वर्गाकडं वळून म्हणाले, "उन्हाळ्यात आपल्या भागात नेचा नसतो असं मी सांगितलं होतं. ते चूक होतं. हिच्या डोंगरात आहे."

कॉलेजच्या तीन वर्षांत मला त्याहून मोठं काही मिळालं नाही, पदवीसुद्धा त्याहून मोठी वाटली नाही. पण सर शिस्तीचे होते. मुळासकट सांगितलं होतं आणि मूळ नव्हतं, तर त्यांनी दहातले दोन मार्क कापले आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं शेरा मारला.

परीक्षा झाल्यावर कागद परत मिळाले, ते घेऊन मी गावी गेले. धुरपाआत्या शेळीची धार काढत होती. तिनं हात पुसले, कागद उजेडाला धरला, वेणीकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय?"

"अपूर्ण. मूळ नाही."

"खोटं लिवलंय की," ती म्हणाली. "मूळ न्हाई कसं? म्या दोन बाजाराआधी बघून आले. नवी पानं फुटल्यात त्याला. आन पेन्सिल."

मी आणली. ती माझ्या खांद्यावर वाकून उभी राहिली, शेळी दाव्याला ओढ देत होती, आणि सरांच्या शेऱ्याच्या खाली तिनं सांगितलं ते मी लिहिलं. मूळ जागेवर आहे.